एका घरात दोन जोतीराम

"जित्या माणसाचं नाव पोराला ठिवू नगासा, वैनीसाब. एका घरात दोन जोतीराम झालं आन् हाक आली, तर कोन उठंल?"

बायडाबाई सुईण हे म्हणाली तेव्हा शालन बारा दिवसांच्या बाळाला टोपडं बांधत होती. ती हसली. सांगलीला चार वर्षं कॉलेजात काढून, तर्कशास्त्राचा पेपर देऊन बी.ए. झालेली बाई ती. म्हणाली, "हाक मारणाऱ्याला वय कळत नाही का, बायडाबाई?" भोवतीच्या बायकाही हसल्या. बायडाबाई तेवढी हसली नाही. तिनं शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा टाकला आणि धुराकडं बघत बसली.

ही १९६६ सालच्या चैत्रातली गोष्ट. सातारा जिल्ह्यात कृष्णेच्या काठी डोहगाव आहे, तिथलं हे घर. घर राजकारणातलं. शालनचे सासरे जोतीराम आबा बेचाळीसला भूमिगत होते, पुढं लोकल बोर्डात गेले, मग साखर कारखान्याचे चेअरमन झाले आणि दोनदा आमदार. त्यांचा एकुलता मुलगा नाथाजीराव म्हणजे शालनचा नवरा. तो जिल्हा परिषदेचा मेंबर होता आणि आठ वर्षं आबांची बॅग धरून त्यांच्या मागं चालत होता.

त्या भागातल्या घरांत दोन गोष्टी कुणी न सांगता पाळल्या जात. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही एक. आणि आजा हयात असेपर्यंत नातवाला त्याचं नाव ठेवायचं नाही, ही दुसरी. पहिली शालननं लग्नापासून पाळली होती, हसत हसत का होईना. दुसरी खुद्द आबांनीच मोडली.

आबांच्या छातीत पाणी झालं होतं. मिरजेच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं, त्याचा अर्थ गावातल्या शेंबड्या पोरालाही कळला होता. निवडणूक दहा महिन्यांवर आलेली. कार्यकर्ते रोज समाचाराला येत आणि जाताना अंगणात घोळका करून हळू आवाजात बोलत. आबांना ते ऐकू येई. त्यांनी बारसं आतल्या खोलीत होऊ दिलं नाही. पाळणा सोप्यात बांधायला लावला, आपली कॉट शेजारी ओढून घेतली आणि सगळ्या कार्यकर्त्यांना बसवलं.

"मी आज हाय, उद्या न्हाई," ते धापा टाकत म्हणाले. "पर नाव ऱ्हाणार. मत नावाला पडतं, गड्यांनो, मानसाला न्हाई. ठेवा त्येचं नाव जोतीराम."

दोन दिवसांचा तर पाहुणा, असं सगळ्यांनी मनात म्हटलं. दोन दिवसांनी जे नाव ठेवायचंच ते आज ठेवलं, एवढंच. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी रिवाजाप्रमाणं तिच्या पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या. बाळ मघापासून टाहो फोडत होतं, ते नाव कानात पडताच गप्प झालं. शालनला तेव्हा बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा उठून बसले आणि त्यांनी भाकरी मागितली.

नातवाचा पायगुण, म्हणाले सगळे. आठवड्यात आबा परड्यात फिरू लागले, महिन्यात जीपमध्ये बसले. धुळा ड्रायव्हर गावभर सांगत सुटला, "म्हातारं वाघागत उटलंय! खड्डा आला तर मलाच म्हनतंय, जोरात घे रं!"

आबांचं सगळं राजकारण एका गोष्टीवर उभं होतं. त्यांना नावं पाठ असत. बाजारात, बांधावर, जत्रेत माणूस दिसला की नावानं हाक जायची. काय रं भाऊसो, म्हस व्याली का. काय गं मनुबाई, पोरगं पलटणीतनं आलं का. ते बोलावणं ऐकलं की माणूस हातातलं काम टाकून जीपकडं धावायचा. नाथाजीला ते शिकवायचे, "भाषणानं काय हुईत न्हाई. नाव घेऊन हाक मारली की मानूस आपल्या मुठीत आला."

संध्याकाळी दिवा लागायच्या आधी आबा परतले की पायऱ्यांवरूनच त्यांची हाक यायची, "अरं जोतीराम!"

ती हाक आली की बाळ श्वास घ्यायचं थांबायचं.

पहिल्यांदा शालनला भास वाटला. मग तिनं मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, आणि मग बाळाची छाती पुन्हा हलायची. आषाढात आकडा पाचवर गेला, गणपतीत सातवर. बाकी बाळाला ताप नाही, खोकला नाही. दूध प्यायचं, पण दूध जायचं कुठं कोण जाणे. वाण्याच्या तागडीत दर सोमवारी ती बाळाला ठेवायची. तिसऱ्या महिन्यात जेवढं भरलं तेवढंच ते सहाव्या महिन्यात भरलं. वाणी म्हणायचा, "असत्यात काय काय पोरं हलक्या हाडाची." रडणं तर नावालाही नव्हतं. येणाऱ्याजाणाऱ्या बायका कौतुक करायच्या, किती गं शहाणं पोर! शालन वरवर हसायची आणि पदराखाली त्याच्या छातीवर तळवा ठेवून बसायची.

दसऱ्याच्या दिवशी आबांनी तिला सोप्यात बोलावलं. "सूनबाई, हिकडं या. गंमत बगा."

त्यांनी बोटानं खालचा ओठ ओढला. बारा वर्षं दात नसलेल्या त्या गुलाबी हिरडीत एक पांढरा ठिपका वर आला होता. तांदळाच्या कणीएवढा. दुधाचा दात असतो तसा.

"एकाहत्तराव्या वर्साला!" आबा लहान पोरासारखे खुदखुदले. "डागदर म्हनला, हुतं आसं, लाखात एकाला."

"छान आहे," शालन म्हणाली. स्वयंपाकघरात जाऊन तिनं हात धुतले आणि बाळाच्या हिरड्यांवरून बोट फिरवलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. गुळगुळीत.

तिनं नवऱ्याला सांगितलं. नाथाजीराव दाढी करत होता. आरशातूनच तिच्याकडं बघून म्हणाला, "बाळ वाढत नाही म्हणतेस? मी तरी कुठं वाढतोय? आठ वर्षं झाली, अजून बॅगच हातात हाय." मग चिडला. "तुझ्या शिकलेल्या डोक्यात हे कुणी भरलं? बायडाबाईनं? म्हातारा बरा झाला त्याचं पण वाईट वाटतंय काय?"

"मी तसं म्हटलं का?"

तो ब्रश पाण्यात हलवत राहिला. मग हळूच म्हणाला, "आबांना हल्ली दूध लागतं. पूर्वी दुधाचा वास सहन व्हायचा नाही त्यांना, आठवतं? आता पेला रिकामा केला की पेल्याच्या तळाशी बघत बसत्यात. आणखी आहे का म्हणून." त्यानं गालावरचा फेस पुसला. एक गाल तसाच राहिला होता, ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

जानेवारीत प्रचार सुरू झाला. तिकीट अर्थात आबांनाच. डोहगावच्या बाजारादिवशी दुपारी चावडीपुढं सभा झाली. घरची सून म्हणून शालनला बायकांत पुढं बसावं लागलं, मांडीवर बाळ. भर दोन प्रहरचं ऊन, फडात ऊस तुटत होता, हवेत पाचटाचा वास होता. भिण्यासारखं तिथं काहीच नव्हतं.

कुणीतरी आरोळी दिली, "जोतीराम आबांचा..."

"विजय असो!"

हजार तोंडांतून ते नाव एकदम आलं आणि बाळ तिच्या मांडीवर ओल्या फडक्यासारखं सैल पडलं. पुन्हा आरोळी झाली. पुन्हा तसंच. शालननं त्याचे कान तळव्यांनी झाकले. तेवढ्यात बाळ खोकलं.

दोन आखूड, एक लांब, आणि मग घसा खाकरल्याचा खोल आवाज. हा खोकला गाव वीस वर्षं ओळखत होतं. गेल्या चैत्रात तो आबांना सोडून गेला होता. शालनच्या पुढं बसलेल्या पारूबाईनं तो ऐकला मात्र, तिनं चटकन पदर डोक्यावर ओढला आणि वाट द्यायला बाजूला सरकली. आबा मागून येतायत असं समजून. मागं वळून बघते तर शालन आणि तिच्या मांडीवरचं नऊ महिन्यांचं पोर. आणि आबा समोर चौथऱ्यावर उभे, हात उंच केलेला, आवाज खणखणीत.

पारूबाई होती तिथं परत बसली नाही.

त्याच संध्याकाळी शालन बायडाबाईच्या खोपटात गेली. बायडाबाईनं बाळाच्या पोटावर हात ठेवला, डोळ्यांच्या पापण्या वर करून बघितल्या.

"वरची हाक आली व्हती, वैनीसाब. गेल्या चैतातच. थोरल्यानं वळकच दिली न्हाई. धाकलं जाईना, ल्हान हाय, वाट ठावं न्हाई त्येला. जातंय थोडं थोडं."

"मग नाव बदलते मी. आज बदलते."

"सदरा हाय व्हय ते, काढून खुटीला लावाया? दुसऱ्या कुनाच्या अंगावर चडलं तरच ह्येच्या अंगावरनं उतरंल."

"दुसऱ्या कुणाच्या?"

बायडाबाई बाळाला परत देताना म्हणाली, "मी तवाच बोलले व्हते. आता मला इचारू नगासा."

शालननं दुसऱ्या दिवशी माहेरी जायचं काढलं. संक्रांत जवळ आली होती, कुणी हरकत घेतली नाही. माहेर कवठे महांकाळच्या पुढं, जतच्या रस्त्याला. आबांच्या हाकेपासून लांब गेलं की बाळ सुधारेल, एवढीच तिची आशा. दुसऱ्या कुणाचा विचार तिनं मनात येऊ दिला नव्हता. निदान तसं ती स्वतःला सांगत होती.

धुळाच जीप घेऊन आला. त्याची बायको हरणाबाई शालनच्याच माहेरच्या गावची, हे लग्न शालननंच जुळवून दिलेलं. पहिल्या बाळंतपणाला ती आईकडं गेली होती आणि अकरा दिवसांपूर्वी तिला मुलगा झाला होता. धुळा वाटभर शीळ घालत होता. तासगाव मागं पडलं, ऊस संपला, दोन्ही अंगांना जोंधळ्याची वावरं आणि मग नुसता माळ लागला. शालन मागं बसून मोजत होती. आबा चाळीस मैल लांब होते, आणि आकडा आठवर होता.

"वैनीसाब, उद्या आमच्या पोराचं बारसं हाय. तुमी आल्याबिगार हुयाचं न्हाई," धुळा म्हणाला. "आबांस्नी इचारलंय मी. त्येंचंच नाव ठिवनार. लय खूस झालं. म्हनलं, ठेव की धुळा, जेवढं जोतीराम तेवढं बरं."

शालनला जीप थांबवायला सांगावंसं वाटलं. ठेवू नको रे ते नाव, असे शब्द जुळून जिभेवर आलेही. मांडीवर बाळाची छाती हलेना. नऊ. मग हलली. आणि ती एवढंच म्हणाली, "आत्या कोण?"

"भन माझी पोटुशी हाय, सातवा लागलाय. येत न्हाई ती."

बारसं दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. माळावरची वस्ती, घरापुढं शेणानं सारवलेलं अंगण, बाभळीच्या विरळ सावलीत पाळणा. हरणाबाई हिरव्या लुगड्यात, अजून पिवळीच होती. पाळण्यातलं पोर काळंसावळं, गुटगुटीत आणि घसा फोडून रडणारं. असं रडणं शालननं आपल्या घरात बारा दिवसच ऐकलं होतं.

"आत्या न्हाई तर वैनीसाबच आत्या!" कुणीतरी म्हणालं.

"आगं पर सासऱ्याचं नाव कसं घेतील त्या?"

"घेतील की हळूच कानात! पोराला ऐकू आलं म्हंजे झालं."

"शिकलेल्या हायती बाई. शिकलेल्यास्नी समदं चालतं!"

बायका हसत होत्या. हरणाबाईला मात्र अवघडल्यासारखं झालं. ती शालनचा हात धरून हळूच म्हणाली, "नगं, वैनीसाब. तुमाला जड जात आसंल तर माजी आई घील नाव. न्हाईतर दुसरं ठिवू आपण. तुमी सांगाल ते ठिवू. धुळाला मी सांगते समजावून."

यापेक्षा सोपी वाट कुणी कुणाला दिली नसेल. रिवाज शालनच्या बाजूनं होता. सासऱ्याचं नाव माझ्या तोंडून निघायचं नाही, दुसरं काहीही ठेवू, एवढं म्हटलं असतं तर सगळ्या वस्तीनं माना डोलावल्या असत्या.

शालननं मागं बघितलं. तिचं बाळ तिच्या आईच्या मांडीवर होतं. आई बायकांच्या चेष्टा ऐकून हसत होती, तिचं लक्ष नव्हतं. शालन मोजू लागली. नऊ. दहा. अकरा. बाळाचे ओठ जांभळासारखे झाले. बारा. छाती हलेना. तेरा.

ती पाळण्यावर वाकली. हरणाबाईच्या मुलाच्या कानाशी तोंड नेलं. लग्नाच्या सहा वर्षांत जे नाव तिनं एकदाही उच्चारलं नव्हतं, ते तिनं स्वच्छ, एकेक अक्षर सुटं करून उच्चारलं.

"जोतीराम."

पाठीत धपाटे पडले. पाळण्यातलं पोर रडता रडता गप्प झालं. आणि पाठीमागून, आईच्या मांडीवरून, शालनच्या बाळानं असा टाहो फोडला की बाभळीवरचे पारवे उडाले.

"भूक लागली गं पोराला," आई म्हणाली.

शालननं त्याला छातीशी घेतलं. ते पीत राहिलं, ओढून ओढून, तिला दुखेपर्यंत. तिनं डोळे मिटून घेतले होते. पाळण्याकडं तिनं पुन्हा बघितलं नाही. घुगऱ्यांची मूठ मात्र हरणाबाईनं तिच्या हातात दिली, ती तिनं खाल्ली.

चौथ्या दिवशी बाळाला दात दिसला. डोहगावला परतल्यावर वाण्यानं तागडी दोनदा तपासली. फेब्रुवारीत आबा कधी नव्हे एवढ्या मतांनी निवडून आले. गुलालानं माखलेले ते घरात शिरले तेव्हा शालननं विचारलं, "मला नाव घेता येत नाही, हाक मारायची पंचाईत होते. बाळाला उदय म्हटलं तर चालेल?"

आबांनी तिच्याकडं बराच वेळ बघितलं. रागानं नाही. आपल्यातल्याच माणसाकडं बघावं तसं.

"म्हना की," ते म्हणाले. "भाईर हायती आता जोतीराम."

त्या वर्षी कोयनेचा भूकंप झाला. बहात्तर वर्षांचे आबा पाटणच्या डोंगरांत वाड्यावस्त्या पायी फिरले, पडलेल्या घरांपुढं बसलेल्या माणसांना नावानं हाका मारत. बरोबरचे तरणे कार्यकर्ते दमून ओढ्याकाठी बसले. आता एकोणसत्तर साल आहे. आबांच्या तोंडात सात दात आहेत, कानशिलावर काळे केस आलेत. नाथाजीराव चाळिशी ओलांडून अजून बॅग धरतो. परवा तो म्हणाला, "आबा ह्या डावालाबी उभं ऱ्हाणार," आणि हसला. शालनला ते हसणं आवडलं नाही.

उदय तीन वर्षांचा झालाय. धावतो, पडतो, रडतो. तो रडला की शालन काम टाकून ऐकत उभी राहते.

हरणाबाई तिला नंतर एकदाच दिसली, अक्षय्यतृतीयेला, माहेरच्या देवळापुढं. काखेत कुंची घातलेलं मूल होतं. "लय गुनाचं हाय, वैनीसाब," ती म्हणाली. "रडत न्हाई बगा अजाबात." शालन तिच्या बांगड्यांबद्दल बोलली, पावसाबद्दल बोलली. कुंचीत बघितलं नाही. पुढं आबांनी धुळाला कारखान्यात कायम करून घेतलं, पण हरणाबाई आईकडंच राहिली. पोराला हवा मानवत नाही, धुळा म्हणाला. जास्त काही त्यानं सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही.

माहेर अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे. दिवसाला दोन एस.टी. आहेत. दर महिन्याला शालन पिशवी भरते. मग अंगणात उदय खेळताना दिसतो आणि ती पिशवी रिकामी करते. तिथं जाऊन त्या पोराला बघितलं, तर काहीतरी करावं लागेल. आणि ते नाव त्याच्या अंगावरून काढलं, तर ते कुठं जाईल हे तिला पक्कं ठाऊक आहे. बायडाबाई वारली. विचारायला कुणी उरलं नाही.

म्हणून त्या बाजूला जाणारा जो भेटेल त्याला ती सांगते. कंडक्टरला सांगितलं, देवी टोचायला फिरणाऱ्या नर्सबाईंना सांगितलं. आणि हे वाचताय म्हणून आता तुम्हालाही सांगते आहे. कवठे महांकाळच्या पुढं जतच्या रस्त्याला मोठ्या पिंपळाचा थांबा लागतो. तिथं उतरा, उजव्या हाताला माळावर तिसरी वस्ती. अंगणात बाभळ आहे. हरणाबाईला म्हणा, पाणी प्यायला आलो. आणि तिच्या मुलाला बघून या. बसतो का, चालतो का, दात आलेत का, तेवढंच. झोपलेला असला तर छातीवर हात ठेवा आणि मोजा. उठवायचा झाला तर बाळ म्हणा, सोन्या म्हणा, काहीही म्हणा. नावानं तेवढी हाक मारू नका.